सांदवाडीतले औषध आणि सरकारी कायदा

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जऊळक्याला जाण्याचा योग आला. जऊळका म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातले, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे गाव. घराच्या मागे छोटीशी सांदवाडी होती. चार ओळी वांग्यांच्या, मांडवावर दोडका आणि कारली, कुंपणाला वालाचा वेल, एका कोपऱ्यात गोडनिंब आणि वाफ्यात सांभार. विद्यार्थ्याची आई मोठ्या हौसेने एकेक झाड दाखवीत होती. दाखवता दाखवता ती मध्येच थांबली आणि म्हणाली,

"सर, तुमी कालेजात शिकवता. मंग मले एक सांगा. या वांग्यावर मी निंबोळीचं पानी मारतो, कधी तंबाखूचा काढा मारतो. सारं घरीच करतो. पन दुकानदार म्हन्ते, घरी दवाई बनवनं गुन्हा आहे, त्याले लायसन पायजे. खरं हाय का हे? केस तं नाही होनार ना आपल्यावर?"

प्रश्न ऐकून प्रथम मला हसू आले; पण मावशींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. दुसऱ्याच क्षणी लक्षात आले, की याचे नेमके उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही. मी राज्यशास्त्र शिकवतो, वकिली करीत नाही. "घरी जाऊन कायदा वाचतो आणि सांगतो," असे कबूल करून मी परतलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवतो आहे. कारण हा प्रश्न एका मावशीचा नाही. ज्याच्या घरामागे चार वांगी आहेत, त्या प्रत्येकाचा आहे. आणि ज्या गुरुजींच्या शाळेत परसबाग आहे, त्यांचाही आहे.

मुळात असा कायदा हवाच कशाला, असे कोणी विचारील. त्याला एक दुःखद इतिहास आहे. १९५८ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा झाली आणि शंभरावर माणसे दगावली. गव्हाच्या पिठात पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक मिसळले गेले होते. अन्न आणि विष यांची ने-आण एकत्र झाली, दोहोंमध्ये अंतर राखले गेले नाही, आणि ज्या घरांनी औषधाचे नावही ऐकले नव्हते त्या घरांत प्रेते पडली. सरकारने चौकशी नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे ती चौकशी होती. पुढे बरीच वर्षे विचारविनिमय झाला आणि संसदेने १९६८ साली कीटकनाशक अधिनियम संमत केला. १९७१ साली तो अमलात आला.

या कायद्याचा सांगाडा समजायला फार कठीण नाही. कायद्याला एक अनुसूची, म्हणजे यादी जोडलेली आहे. त्या यादीत ज्या पदार्थांची नावे आहेत ते, आणि ते ज्यांत मिसळले आहेत अशी मिश्रणे, यांना कायदा 'कीटकनाशक' म्हणतो. असे कीटकनाशक परदेशातून आणायचे किंवा कारखान्यात तयार करायचे, तर केंद्राच्या नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी करावी लागते. ते तयार करायला, विकायला, विक्रीसाठी साठवायला किंवा वाटायला परवाना लागतो. डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारी रंगीत खूण हवी, उताऱ्याची माहिती हवी. हे सगळे योग्यच आहे. आपण डबा विकत घेतो तेव्हा आत काय आहे हे आपल्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम आपल्या वतीने कायदा करतो.

या व्याख्येतून एक गोष्ट लगेच उघड होते. जो पदार्थ यादीत नाही, तो या कायद्याच्या दृष्टीने कीटकनाशकच नव्हे. चुलीतली राख वेलावर उधळली, तर कोणता कायदा आडवा येणार? पण निंबोळीचे तसे नाही. निंबोळीत अझाडिरॅक्टिन नावाचे कडू द्रव्य असते, आणि ते असलेली निंबाची उत्पादने या यादीत आहेत. म्हणून तर दुकानातल्या निंबाच्या औषधाच्या बाटलीवर नोंदणीचा क्रमांक छापलेला असतो. मग दुकानदाराचे म्हणणे खरे झाले का?

नाही. दुकानदाराने कायद्याची पुढची पाने उलटलेली दिसत नाहीत. याच कायद्यात ३८ वे कलम आहे, आणि त्याचे नावच सूट असे आहे. त्याचा आशय सांगायचा तर असा: एखाद्या माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशकाचा वापर केला, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. परसबागेचा उल्लेख कायद्यात स्पष्ट शब्दांनी आहे. कायदा करणाऱ्यांना कारखाना आणि दुकान यांवर नजर ठेवायची होती. आपल्या आयाबहिणींच्या सांदवाडीत शिपाई पाठवायचा नव्हता.

कायद्यात शब्द 'वापर' असा आहे, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणी कीस काढणारा म्हणेल, की वापराला सूट आहे, तयार करण्याला कुठे आहे? त्यावर माझी समजूत अशी, की आपल्याच चार झाडांसाठी आपल्याच घरी पाच-दहा लिटर पाणी करून त्याच दिवशी मारून टाकणे हा त्या वापराचाच भाग आहे. सरकारचे कृषी खाते आणि कृषी विद्यापीठे निंबोळी अर्क घरी कसा करावा हे वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना शिकवीत आली आहेत. जे सरकार शिकवते, तेच केल्याबद्दल ते गुन्हेगार ठरवील, असे मानायला आधार नाही.

तेव्हा मावशींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: आपल्या झाडांवर आपण केलेले निंबोळीचे पाणी मारा. त्याला लायसन लागत नाही.

पण श्रोतेहो, ही सूट कुंपणापर्यंतच आहे. मावशींच्या बहिणीच्या गावात एक महिला बचत गट आहे. त्या बाया दशपर्णी अर्क करतात. निंब, करंज, सीताफळ, रुई, निरगुडी, एरंड असा दहा झाडांचा पाला कुजवून केलेला तो अर्क. प्रथम त्यांनी तो आपापल्या शेतांत वापरला. गुण आला. मग शेजारपाजारचे मागू लागले. मग बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, "सर्व किडींवर रामबाण" असे लिहिले आणि आठवडी बाजारात मांडल्या. आता काय झाले? पदार्थ तोच, बायाही त्याच, मेहनतही तशीच प्रामाणिक. पण 'स्वतःचा वापर' संपला आणि विक्री सुरू झाली. यादीतला पदार्थ ज्यात आहे असे मिश्रण परवान्याशिवाय विकणे या कायद्यात बसत नाही. त्याला शिक्षेची तरतूद आहे. पैसे न घेता चिठ्ठी लावून वाटणे सुरू केले, तरी कायद्यात विक्रीच्या शेजारीच 'वितरण' हा शब्द बसलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल, की गरीब बायांच्या पोटावर हा कायदा पाय देतो. मलाही आधी तसेच वाटले. आणि गंमत अशी, की २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, त्यात अशीच जैविक निविष्ठा तयार करून शेतकऱ्यांना पुरवणारी दहा हजार केंद्रे उभारण्याची योजना आहे. म्हणजे सरकारचा एक हात या कामाला बोलावतो आणि दुसऱ्या हातात १९६८ चा कायदा आहे. या दोहोंचा मेळ नीट घातला गेला पाहिजे, आणि तो घालण्याची मागणी आपण केली पाहिजे. पण तोवर बचत गटांनी अंधारात पाऊल टाकू नये. बाटली भरण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावे, आपण काय करतो ते लिहून द्यावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. शब्दांचाही विचार करावा. विकत घेणारा माणूस चिठ्ठीवर विश्वास ठेवून आपले पीक पणाला लावतो. कृती शिकवण्याला मात्र परवाना लागत नाही. अर्क विकण्याऐवजी स्वच्छ वाळवलेली निंबोळी गोळा करून ठेवणे आणि जो येईल त्याला अर्क करायला शिकवणे, हा मार्ग मला अधिक सरळ दिसतो.

आता दुसरी गोष्ट. ती कायद्याची नाही, पण माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. मावशींनी निंबोळीच्या जोडीने तंबाखूच्या काढ्याचे नाव घेतले होते. ३८ व्या कलमाची सूट दोहोंना सारखीच. पण कायद्याने सूट दिली म्हणजे ती वस्तू निर्धोक झाली, असा अर्थ घेऊ नका. तंबाखूतले निकोटिन हे खरेखुरे विष आहे. ते पोटातून जाते तसे कातडीतूनही अंगात भिनते. एके काळी निकोटिन सल्फेट हे औषध कीटकनाशक म्हणून दुकानात मिळत असे; १९९२ साली आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आली. म्हणजे जे विष दुकानातून काढून टाकले, तेच आपण चुलीवर उकळून काढतो, आणि 'घरचे आहे' म्हणून निर्धास्त राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी स्वतः कुंडीतल्या गुलाबावरच्या माव्यासाठी तंबाखूचा काढा केला. उरलेला काढा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि मोरीच्या खिडकीत ठेवला. रंग तसाच तांबूस. दुपारी माझा पाच वर्षांचा पुतण्या खेळून आला. त्याने बाटली तोंडाला लावली. कडू लागले म्हणून एक घोट घेऊन त्याने ती टाकून दिली, एवढेच आमचे नशीब. थोड्याच वेळात त्याला उलट्या सुरू झाल्या, अंगाला घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यात ती रात्र आम्ही कशी काढली, ते आम्हांलाच ठाऊक. मूल वाचले. आज तो नोकरीला आहे. पण माझी वहिनी मला त्यावर एक शब्दही बोलली नाही, आणि ते न बोलणे मला आजही बोचते. त्या दिवशी मी कोणत्याही कीटकनाशक कायद्याचा भंग केला नव्हता.

म्हणून सांगतो, घरचे ते सौम्यच असते ही समजूत सोडून द्या. धोतरा आणि कण्हेर ही आपल्याच बांधावरची झाडे, पण दोन्ही विषारी. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. पाला ठेचताना नाक-तोंड बांधा, हातात मोजे घाला. औषधाचे भांडे, चाळणी आणि पळी वेगळी ठेवा. ती पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. आणि कोणतेही औषध पाण्याच्या, सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत भरू नका. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना विषाची ओळख पटेल.

आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर वेगळा कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २८६ वे कलम विषारी पदार्थ बेपर्वाईने हाताळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगते. तिथे 'ही माझी परसबाग आहे' हे उत्तर चालत नाही. शेजाऱ्याची विहीर, शेजाऱ्याचे लेकरू, शेजाऱ्याची शेळी यांना ३८ व्या कलमाची सूट बांधलेली नाही.

तिसरी गोष्ट दुकानातल्या औषधाची. पुष्कळदा असे होते, की कपाशीवर मारून पंपात औषध उरते. टाकून कशाला द्यायचे, म्हणून ते घरामागच्या वांग्यांवर मारले जाते. कधी दोन-तीन बाटल्यांतले उरलेसुरले एकत्र करून 'घरचे औषध' तयार होते. याला घरचे म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर आहे. मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेलेले औषध. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ सालीच मनाई झाली. कारण उघड आहे. कपाशी आपण खात नाही. वांगे मात्र दुसऱ्या दिवशी तोडून फोडणीला टाकतो. आणि मिश्रणाची गोष्ट तर आपल्या विदर्भाने फार महाग किंमत देऊन शिकली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. उंच वाढलेली कपाशी, डोक्याच्या वर उडणारा फवारा, उघडे अंग, आणि औषधांची मनाला येईल तशी मिश्रणे, अशी अनेक कारणे त्यामागे एकवटली होती. तिथे हातात मान्यताप्राप्त, नोंदणी झालेली औषधे होती. तरीही असे झाले. मग मिश्रण करून ते घरात आणण्याचे धाडस आपण का करावे?

आता निंबोळीकडे वळतो. कारण भीती घालून उठून जाणे मला बरे वाटत नाही. निंब हे आपल्या घरचे औषध आहे, आणि ते शास्त्राच्या कसोटीलाही उतरले आहे. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळले, की निंबोळीच्या गराचे अगदी पातळ पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. पुढे निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणावर युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला एकस्व मिळाले होते. भारतात हे पूर्वीपासून माहीत आहे, असा पुरावा पुढे आला आणि २००० साली ते एकस्व रद्द झाले. २००५ साली त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. त्या भांडणात आपल्या लोकांचे वापरातले ज्ञान हाच पुरावा ठरला.

कृती सोपी आहे. पिकून गळलेल्या निंबोळ्या जूनच्या सुमारास गोळा करून, साल काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. फवारणीच्या आदल्या दिवशी अर्धा किलो निंबोळी भरडसर कुटावी, थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी फडक्यातून चांगली पिळून घ्यावी. त्यात वीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण पाणी दहा लिटर करावे. यालाच पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात. उन्हाने त्याचा गुण लवकर उतरतो, म्हणून तो संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असा फवारावा आणि त्याच दिवशी संपवावा. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांवर तो चांगला चालतो. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीचे तो काही करू शकत नाही. त्यासाठी किडके शेंडे आणि फळे रोज तोडून नष्ट करणे हाच उपाय. फुलांवर मधमाश्या असताना कोणतीही फवारणी करू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. अनेक शाळांत आता पोषण आहारासाठी परसबागा झाल्या आहेत. मुलांना अर्क कसा करतात ते जरूर दाखवा; निंबोळ्या गोळा करायला लावा. पण पंप मुलांच्या खांद्यावर देऊ नका, आणि तंबाखू, धोतरा, कण्हेर शाळेच्या आवारात आणू नका. त्याच तासाला नागरिकशास्त्राचा धडाही देता येईल. एका कायद्यात परसबागेला सूट का ठेवली असेल, आणि ती सूट कुंपणापाशी का थांबते, हे मुलांना विचारा. माझ्या अनुभवाने सांगतो, मुले आपल्यापेक्षा चांगली उत्तरे देतात.

महिन्याभराने मी पुन्हा जऊळक्याला गेलो आणि हे सगळे मावशींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आत गेल्या, फळीवरून तांबूस पाण्याची एक बाटली काढून आणली, आणि अंगणाच्या टोकाला, विहिरीपासून दूर, खड्डा करून ओतून दिली. रिकामी बाटली पायाखाली चेपली. हात साबणाने धुतले.

"निंबोळीचं ठीक आहे ना, सर?" त्यांनी विचारले.

"ठीक आहे, मावशी."

"अन् दुकानदाराले काय सांगू?"

"त्याला ३८ वे कलम वाचायला सांगा," मी म्हणालो.

मावशी हसल्या, आणि मला द्यायला वांगी तोडू लागल्या.